पान उलटायची खूण

९ जुलै

ताई,

नमस्कार आधी, तक्रारी मागाहून.

तुमचं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे मीच ह्यांना वाचून दाखवलं, कारण नेहमीप्रमाणे ह्यांचा चष्मा कारखान्यात राहिला होता. दिवसभर दुकानात बसून मी लोकांचे डोळे तपासते, चष्मे विकते आणि माझाच नवरा, तुमचा भाऊ, बिनचष्म्याचा हिंडतो. लग्नाला बारा वर्षं झाली, तीन चष्मे करून दिले. नंबर इतका किरकोळ आहे की दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे. पण कवळ्या घासताना प्लास्टरची पूड डोळ्यांत जाते आणि अक्षरं पुसट होतात, असं ह्यांचं म्हणणं. असेल बाई.

लिहायला बसले ते तुमच्या भाचीसाठी. खारूच्या वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं होतं. खारू आता नऊ वर्षांची झाली, पण वाचायला उभी केली की एक ओळ संपता संपत नाही. अक्षरांची अदलाबदल करते, मधलीच ओळ गाळते, कपाळावर घाम येतो. हीच मुलगी घरी गजराचं घड्याळ उघडून पुन्हा जोडते, आणि ऐकलेली गोष्ट महिन्याने विचारली तरी शब्दन् शब्द सांगते. शिक्षिका म्हणाल्या, आळशी नाही ती, वाचनाची चाचणी घेऊ या. चाचणीत अडचण दिसली तर आधारवर्गात जागा मिळेल. रोज दोन तास, आठच मुलं, शिकवायची पद्धत वेगळी, आणि परीक्षेत जास्तीचा वेळ. नाही मिळाली तर वर्षअखेरीला मागच्या वर्गात बसवतील.

सोबत एक फॉर्म दिला होता. त्यात विचारलंय, कुटुंबात आणखी कोणाला वाचण्या-लिहिण्याची अडचण होती का? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "'नाही' लिही." मी 'नाही' लिहिलं.

तुम्ही सव्वीस वर्षं मुलांच्या ह्याच चाचण्या घेतल्यात. आधारवर्ग चांगला की वाईट, सरळ सांगा.

तुमची,
धाकटी

*

१४ जुलै

धाकटे,

आशीर्वाद. इतकी घाबरगुंडी कशाला?

आधारवर्ग वाईट नसतो. पण त्या खोलीत जाणाऱ्या मुलांकडे बाकीची मुलं कशी बघतात ते मी व्हरांड्यात उभं राहून पाहिलंय. एकदा शिक्का बसला की बसला. आपल्या घरातली मुलं जरा उशिरा उमलतात, एवढंच. तुझा नवराही तसाच होता, आणि आज बघ, त्याने केलेल्या कवळ्यांनी अर्धं गाव चावून खातंय. तुमच्या घरात दात त्याचे, डोळे तुझे, आणि जीभ तेवढी माझी!

असं कर, चाचणीआधी आठ दिवस खारूला माझ्याकडे धाड. शाळेला सांग आत्या आजारी आहे. मी तिच्याकडून तयारी करून घेते. चाचणी घेणारी ती बाई माझ्याच हाताखाली तयार झालेली आहे, तिची पद्धत मला पाठ आहे.

भाऊला सांग, ताई विचारत होती, खोकला आठवतो का? त्याला कळेल.

ताई

*

२० ऑगस्ट

ताई,

तोंड गोड करा! खारू चाचणीत पास झाली. उतारा असा घडाघडा वाचला म्हणे, की चाचणीच्या बाईंनी विचारलं, "कुणी शिकवलं?" खारूने तुमचं नाव सांगताच त्या उठून उभ्याच राहिल्या. "मग प्रश्नच नाही," म्हणाल्या. अहवालात लिहिलंय, वाचन वयाला साजेसं, आधारवर्गाची गरज नाही. वर्गशिक्षिका जरा बुचकळ्यात पडल्या, पण लेखी आलं म्हटल्यावर त्या तरी काय बोलणार? तुमच्या आठ दिवसांत एवढी जादू! मी तर शाळेच्या पायरीवर बसून रडले.

ह्यांना मात्र आनंद झालेला दिसला नाही. त्या दिवशी तुमची ती खोकल्याची ओळ वाचून दाखवली, तर ताटावरून उठून गेले. रविवार असून कारखाना उघडून बसले. तुमचं बहीण-भावाचं काय ते तुम्हालाच ठाऊक.

एक गंमत सांगते. चाचणीहून परतताना नव्या दुकानाची पाटी दिसली. मी म्हटलं, "खारू, वाच बघू आता." तर म्हणाली, "चष्मा विसरले गं." अहो, तिला चष्माच नाही! बापाची नक्कल करायला बरी शिकलीय. मी हसून हसून दमले.

धाकटी

*

२७ सप्टेंबर

ताई,

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. तब्येत बरी असेल असं धरून लिहिते.

खारूचं ठीक नाही. वर्गशिक्षिका बदलल्या. नव्या शिक्षिका अहवाल पुढे करतात आणि म्हणतात, हिला उत्तम वाचता येतं, हिची इच्छाच नाही. आधी निदान कच्ची म्हणून सांभाळून घेत होते. आता रोज बाकावर उभी करतात. सकाळी पोट दुखतं, दप्तर दिसलं की उलटी होते. परवा तिने कात्रीने स्वतःच्या वेणीचा शेंडा कापला. विचारलं तर म्हणते, "मी वाईट आहे म्हणून."

काल तिचं दप्तर धुवायला काढलं. अस्तराच्या आत घड्या घातलेले सहा कागद सापडले. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन. सहा उतारे. मी तिला जवळ बसवलं आणि वरचा कागद हातात दिला. तिने न अडखळता वाचला. मग मी कागद खालीवर केले आणि पुन्हा दिले. ताई, तिसरा उतारा हातात धरून तिने पहिला म्हणून दाखवला. ओळीवरून बोटसुद्धा फिरवत होती. एक अक्षर चुकली नाही.

मी म्हटलं, "बाळा, हा तो नाही." तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "आत्या इथे असती तर खोकली असती."

ताई, हे काय आहे? मी ह्यांना अजून काही बोललेले नाही. आधी तुमच्याकडून ऐकायचंय.

धाकटी

*

४ ऑक्टोबर

धाकटे,

मागच्या महिन्यात तुला दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. तू पायरीवर बसून रडलीस हे वाचल्यावर माझ्याच्याने लिहवेना. आता सगळं लिहिते. ह्यातलं त्याला काय वाचून दाखवायचं ते तूच ठरव. तुझ्या नवऱ्याला वाचता येत नाही, म्हणजे जवळजवळ येत नाही. तुला एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला एका ओळीला लागतो, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटते. डोळ्यांत पूड जात नाही. चष्मे हरवत नाहीत, तो ते लपवतो.

आमच्या शाळेत एका हॉलमध्ये दोन वर्ग भरायचे. मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, पाठीमागच्या बाकावर. त्याला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा तो तोंड उघडून नुसता उभा राहिला आणि सगळा हॉल हसला. मीही त्या हॉलमध्ये होते. माझ्या मैत्रिणीने विचारलं, "तुझा भाऊ का गं?" मी म्हटलं, "नाही, लांबचा आहे."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी त्याला धडा वाचून दाखवला. त्याने एकदा ऐकला आणि म्हणून दाखवला. मग रोज तेच. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक धरून उभा राहायचा आणि पान संपलं की मागून मी खोकायचे, म्हणजे तो पान उलटायचा. सगळे म्हणायचे, बहिणीने भावाला तयार केलं. मला शाबासकी मिळायची. लेखी परीक्षा आल्या तेव्हा खोकून काही होईना, आणि तो आठवीत बसला तो बसलाच. कवळीच्या कारखान्यात मीच चिकटवलं त्याला. तिथे दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी येते तिच्यावर दातांचं चित्र असतं, खुणा असतात, वाचावं लागत नाही.

तुमचं लग्न ठरलं तेव्हा त्याला तुला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. म्हटलं, मुलगी हातची जाईल. लग्नाआधी त्याच्या नावाने तुला आलेली ती तीन पत्रं मी रचली, त्याने आठ-आठ दिवस बसून नक्कल केली.

आता सगळ्यात लाजिरवाणं. पुढे मी चाचणी घ्यायला शिकले. काय असतं, का असतं, कसं शिकवायचं, सगळं शिकले. सव्वीस वर्षं लोकांच्या मुलांना तपासलं. आया रडायच्या, मी पाण्याचा पेला पुढे करून म्हणायचे, "ह्यात लाजण्यासारखं काही नाही हो." शेकड्याने मुलं आधारवर्गात पाठवली आणि ती वाचायला लागलेली डोळ्यांनी पाहिली. आणि आम्ही एकाच गावात होतो तेव्हा दर रविवारी भाऊ जेवायला आला की टेबलावरचं वर्तमानपत्र मी उचलून ठेवायचे, त्याला अवघडायला नको म्हणून. परक्यांना दार उघडून दिलं आणि घरच्यासाठी तेच दार लोटून घेतलं.

खारू पहिल्याच दिवशी माझ्यासमोर वाचायला बसली आणि मला कळलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिला मदत हवी हे कळूनही मी जुन्या पेटीतून चाचणीचे ते सहा उतारे काढले. वर्षानुवर्षं तेच असतात. मला वाटलं, माझी भाची त्या खोलीत बसली तर माझ्या हाताखालची बाई काय म्हणेल? एवढंच वाटलं, धाकटे. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

पोर म्हणते मी वाईट आहे. ती नाही, मी आहे.

ताई

*

११ ऑक्टोबर

ताई,

पत्र मी ह्यांना अख्खं वाचून दाखवलं. मधलं काही गाळलं नाही, त्या मैत्रिणीचं सुद्धा. हे हातातली कवळी कापडाने पुसत बसले होते. पुसून झाली तरी पुसतच राहिले. मग म्हणाले, "ताईने मला वाचवलं." आणि मला त्याचाच भयंकर संताप आला.

बारा वर्षं, ताई! मी रोज उठून त्या तक्त्यावरची अक्षरं लोकांना वाचायला सांगते. कुणाला किती दिसतं ते माझ्याकडून शिकून घ्यावं असं दुकानात म्हणतात. आणि घरात मला काहीच दिसलं नाही. लाज फक्त तुम्हालाच वाटते असं समजू नका. आणि ती तीन पत्रं मी साडीच्या घडीत जपून ठेवलीत. माझं लग्न नक्की कुणाशी झालं ते तरी कळवा!

मी शाळेत गेले होते. ते म्हणतात, अहवाल लेखी आहे, नुसत्या आईच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा चाचणी होत नाही. उतारे ज्यांनी फोडले त्यांनी सहीनिशी लिहून दिलं तर होईल, नव्या उताऱ्यांवर. जागा एकच उरलीय आणि ती महिनाअखेरपर्यंतच ठेवतील.

म्हणजे तुम्हाला त्या बाईंना लिहावं लागेल. तुमचं नाव ऐकून उठून उभ्या राहतात त्यांनाच.

लिहाल तेव्हा मला कळवा. तोवर दुसरं काही लिहू नका.

*

१८ ऑक्टोबर

धाकटे,

लिहिलं. कालच टपालात टाकलं. पेटीपाशी जाऊन दोनदा परत फिरले हेही सांगते, आता लपवायचं तरी किती? खाली नक्कल देते.

"स. न. वि. वि.

आपण ऑगस्टमध्ये जिची चाचणी घेतली ती नऊ वर्षांची मुलगी माझी भाची आहे. चाचणीचे सहाही उतारे मी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले होते. तो अहवाल माझ्या पाठांतराचा आहे, तिच्या वाचनाचा नाही. तिला वाचनाची खरी अडचण आहे आणि ती माझ्या धाकट्या भावालाही आहे. मला हे त्याच्या लहानपणापासून माहीत होतं.

आपल्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं की मूल चाचणीला बसतं तेव्हा त्याचं घरही बसतं. घर नापास झालं आहे, मुलीला शिक्षा नको. हे पत्र शाळेत दाखवावं लागलं तर खुशाल दाखवावं."

खाली पूर्ण सही केली, हुद्द्यासकट.

ताई

*

९ नोव्हेंबर

ताई,

जागा मिळाली.

ऑक्टोबर संपायच्या आत चाचणी झाली. हे कारखान्याच्याच कपड्यांत आले, हातांना प्लास्टर. बाईंनी जुना फॉर्म पुढे ठेवला आणि तो कुटुंबाचा प्रश्न मोठ्याने वाचला. मी पेन उचललं. ह्यांनी माझा हात बाजूला केला. माझं 'नाही' खोडलं आणि म्हणाले, "मला आहे. मला सुरुवातीपासून आहे." खारू शेजारीच बसली होती. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "म्हणून तुमचा चष्मा हरवतो?" हे म्हणाले, "होय गं." मग ती खुर्चीवरून उतरली आणि ह्यांच्या मांडीवर जाऊन बसली. नऊ वर्षांची घोडी.

बाईंनी नीट समजावलं. डोळे चांगले, कान चांगले, बुद्धी तर उत्तमच. पण अक्षर दिसलं की त्याचा आवाज मनात उमटतो ना, ती जोडणी काही जणांच्या मेंदूत वेगळ्या रीतीने होते. आपल्याला जे आपोआप जमतं ते त्यांना दर वेळी ओढून आणावं लागतं. बरेचदा ते घराण्यात असतं. त्यात ना आळस, ना कुणाचा दोष. नेहमीच्या पद्धतीने दहा वर्षं घोटलं तरी फरक पडत नाही, पण शब्द फोडून, आवाज ऐकवून, वाळूत बोटाने गिरवून शिकवलं तर जमतं. सावकाश जमतं.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "वरची कवळी झकास, खालचीही झकास, पण एकीवर एक बसत नाही. तसंच ना? मग घासायचं, पुन्हा बसवून बघायचं, पुन्हा घासायचं." बाई म्हणाल्या, "पालकसभेत हेच सांगा." हे लाजले.

तुमच्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. तुमचं पत्र फाइलला लावलेलं दिसलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "असं पत्र लिहायला मला जमलं नसतं."

मी अजून रागावलेलीच आहे. खारूला आधारवर्गात तीन दिवस झाले. पोट दुखलं नाही.

धाकटी

*

७ डिसेंबर

ताई,

हे मी लिहितो आहे. धाकटीने मदत केली नाही. मीच नको म्हटलं. तीन रविवार लागले.

मी आणि खारू संध्याकाळी बसतो. ताटात वाळू घेतो. ती मला शिकवते. ती माझ्या पुढे गेली आहे. मला ओरडते पण.

तुझं चार ऑक्टोबरचं पत्र मी वाचलं. मी स्वतः. दोघींना समोर बसवून मोठ्याने वाचलं. दोन दिवस लागले. पानं मीच उलटली. कोणी खोकलं नाही.

तू मला धडे वाचून दाखवायचीस ते मला आवडायचं. तुझा आवाज आवडायचा. पण रविवारी तू पेपर उचलायचीस ते मला दिसायचं. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटते. कधी विचारलं नाही.

आता विचारतो. वाटायची का? खरं सांग.

उत्तर मोठ्या अक्षरात लिही. थोडं लिही. मी वाचणार आहे.

भाऊ

*

१३ डिसेंबर

भाऊ,

आधी मी 'नाही' लिहिलं. तो कागद फाडला.

हो. वाटायची.

तू लांबचा नव्हतास. तू माझा भाऊ होतास. मी त्या हॉलमध्ये तेच सांगायला हवं होतं.

आता मला माझी लाज वाटते.

रविवारी या. तिघेही या. पेपर टेबलावरच असेल.

ताई